नागूअव्वाचा सोमवार

रेवणसिद्धाच्या गळ्यातल्या लिंगाचं कवच तडकलं होतं, ते नवं चढवायचं म्हणून महालिंगय्या स्वामींनी नखानं काळ्या कवचाचा आणखी एक टवका काढला, आणि त्यांचा हात तिथंच थांबला. आत दगड दिसायला हवा होता. दिसला सोन्याचा मणी. ज्वारीच्या दाण्याएवढा, जुन्या घडणीचा.

रेवणसिद्ध समोर मांडी घालून बसला होता. स्वामी बोलेनात, म्हणून त्यानं मान पुढं काढून बघितलं. मणी त्यालाही दिसला, पण लिंगात सोनं कुठून आलं हे काही त्याच्या ध्यानात येईना. स्वामी सत्तरीचे. जळकोटातली निम्मी लिंगायत घरं त्यांच्या हातानं लिंग बांधून घेतलेली. 

"रेवणा," स्वामी म्हणाले, "हे तुझं न्हाय."

ज्याला ठाऊक नसेल त्यानं एवढं ध्यानात घ्यावं. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की जंगम स्वामी येऊन त्याला लिंग देतात. आत इवलासा दगड, वरून बिब्बा-राळ-भस्माचं काळं कवच, आणि ते वस्त्रात गुंडाळून दोऱ्यानं गळ्यात. ते मरेपर्यंत अंगावरून उतरायचं नाही. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच घोटभर पाणी. आणि माणूस गेला की त्याच तळहातावर ते ठेवून त्याला मातीत बसवायचं. आपलं लिंग आपल्या हातात असलं म्हणजे पुढची वाट सापडते, अशी ह्या लोकांची पक्की समजूत.

"माझं न्हाय म्हंजे?" रेवणसिद्धानं विचारलं. "जल्मापासनं माझ्या गळ्यात हाय की ते."

स्वामींनी मग हळूहळू सांगितलं. गावातल्या नागूबाईची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथा जन्मला तेव्हा तिनं आपल्या मंगळसूत्राचा एक मणी तोडला आणि स्वामींच्या पायावर ठेवला. लिंगाच्या कवचात हा बसवा, माझं सोनं शिवाच्या अंगाला लागलेलं राहू द्या, म्हणजे तो तरी माझ्या लेकराला सोडणार नाही. स्वामी चिडले होते. शिवाला लाच देतीस का गं, म्हणून ओरडले होते. पण बाई पाय सोडीना, तेव्हा त्यांनी मणी बसवून टाकला आणि याची वाच्यता करायची नाही म्हणून तिला दम भरला. ही गोष्ट तिला आणि त्यांनाच ठाऊक.

"ह्या हातानं बसवलाय म्या," स्वामी म्हणाले. "हे गुंडाप्पाचं लिंग हाय."

 गुंडाप्पा रेवणसिद्धाचा जिवाभावाचा मित्र, नागूबाईचा तो चौथा; बोटीवर मेलेल्या त्याला समुद्रात सोडून दहा वर्षं होत आली होती. त्याच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवून, मूठ मिटून, वरून फडकं बांधलं होतं ते रेवणसिद्धानंच. मग त्या मुठीत काय होतं?

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको शिवकांता उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या हातातली उलथणी तशीच वर राहिली आणि चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

जळकोटात रेवणसिद्धाला नुसतं रेवणसिद्ध कुणी म्हणत नसे. म्हणत जर्मन रेवणप्पा. त्यामागची कथा सगळा गाव सांगायचा आणि प्रत्येक जण वेगळी सांगायचा. खरी अशी, की रेवणसिद्ध आणि गुंडाप्पा दोघं मिसरूड फुटल्यावर सोलापूरला गिरणीत कामाला गेले. नळदुर्गाच्या पुढचा निजाम सरकारचा नाका ओलांडला की तिकडं इंग्रजांचा मुलूख, तिकडं तालमी आणि व्यायामशाळा जोरात. पाळी संपली की दोघं थेट व्यायामशाळेत. तिथं शिसवीचा मल्लखांब होता, पुरुषभर उंचीच्या वर गेलेला, वर निमुळता होत जाणारा, टोकाला बोंड. एरंडेल चोळून गुळगुळीत केलेल्या त्या खांबाला रेवणसिद्ध पायाची अढी घालून उलटा लोंबायचा तेव्हा बघायला गर्दी जमायची. गुंडाप्पा त्याच्याहून हलका, त्याच्याहून चपळ. रेवणसिद्धाकडं ताकद, गुंडाप्पाकडं नखरा. वस्ताद म्हणायचे, तुम्हा दोघांचा मिळून एक पुरा गडी होतो.

मल्लखांबावर लंगोटाशिवाय अंगावर काही चालत नाही. गळ्यात दोरा असला आणि तो बोंडाला अडकला तर मानच मोडायची. लिंग काढायचं तरी पाप, ठेवायचं तरी मरण. पोरांनी घरी येऊन नागूबाईला विचारलं, कारण रेवणसिद्धाची आई तो लहान असतानाच गेलेली आणि ह्याच नागूअव्वानं, अव्वा म्हणजे आई, त्याला आपल्या पोराच्या ताटात जेवू घातलेलं. तिनं तोड काढली. एक जण खांबावर असला की त्याचं लिंग दुसऱ्यानं तळहातावर धरायचं. तळहात म्हणजे पूजेचीच जागा. पण तुमच्या दोघांच्याच तळहातावर, तिसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही, आणि भुईला तर मुळीच लावायचं नाही. तिनं दोघांना आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घेतली.

ती शपथ दोघांनी नऊ वर्षं पाळली. मग छत्तीस साली जर्मनीत जगभरच्या खेळांचा मोठा मेळा भरला, ऑलिंपिक म्हणतात तो. तिथं आपल्याकडचे खेळ दाखवायला एक तुकडी निघाली, आणि तीत ही दोघं निवडली गेली. जायच्या आधी महालिंगय्या स्वामींनी दोघांच्याही लिंगांवर नवं कवच चढवलं. लांबचा प्रवास, खारं वारं, म्हणून एकाच गोळ्यातलं, सारखंच जाड. नागूअव्वानं आपल्या धुवट लुगड्याचा काठ फाडून दोन सारखी वस्त्रं शिवून दिली. गावानं वाजतगाजत वेशीपर्यंत पोचवलं. पाटलांनी विचारून घेतलं की तिकडच्या लोकांना निजाम सरकारचं नाव ठाऊक असेल का, आणि नसेल तर जरूर सांगावं.

परत आला तो एकटा रेवणसिद्ध. गुंडाप्पाला परतीच्या बोटीत ताप भरला, सुवेझ मागं टाकल्यावर चौथ्या दिवशी तो गेला. बोटीवर माती कुठली? शिडाच्या कापडात गुंडाळून, पायाशी लोखंड बांधून त्याला पाण्यात सोडलं.

त्या दिवसापासून रेवणसिद्ध मल्लखांबावर चढला नाही. गिरणी सोडली, सोलापूर सोडलं, जळकोटात किराणा दुकान मांडलं. परतल्यावर खेळायचं म्हणून हौसेनं परसात आधीच पुरून ठेवलेला शिसवीचा खांब होता, त्याला शिवकांता रेडकू बांधू लागली. कुणी विचारलं तर खांदा गेला म्हणायचा. निजामाच्या पोलिसातल्या अमीनसाहेबांना व्यायामशाळा खपत नाही, परवानगीची भानगड आहे, असंही सांगायचा. मेळ्यात मिळालेला पितळी बिल्ला ट्रंकेच्या तळाशी गेला.

खांद्याला काही झालेलं नव्हतं. खरं काय ते तो बायकोजवळही बोलला नव्हता. ते आज स्वामींच्या हातातल्या मण्याकडं बघता बघता त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

जर्मनीत खेळ दाखवायच्या दिवशी मैदानावर तुकडीला वेळ कमी मिळाला. वस्तादांनी आयत्या वेळी सांगितलं, एकामागून एक चढायला वेळ नाही, जोडीनं चढा, पाच मिनिटांत जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवा. जोडीनं चढायचं म्हणजे लिंग धरायला तळहातच नाही! गुंडाप्पा अडून बसला. मी नाही चढत म्हणाला. आणि रेवणसिद्धानं त्याला भरीला घातलं. सात समुद्र ओलांडून आलो ते काय खांबाकडं बघत उभं राहायला? पाचच तर मिनिटं आहेत, शिवाला कळतं सगळं. त्यानं आपला फेटा उलगडून हिरवळीवर घडी घातली, खांबाच्या बुडाशी, आणि त्यावर दोन्ही लिंगं शेजारी शेजारी ठेवली. उजवीकडचं माझं, डावीकडचं तुझं, असं बोलून दोघं चढले.

आणि काय चढले! ती पाच मिनिटं रेवणसिद्धाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. खाली हजारो गोरी माणसं चिडीचूप. गुंडाप्पा बोंडावर उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाखाली रेवणसिद्ध उलटा लोंबत होता, दोघांचा मिळून एकच श्वास चालला होता. उतरताना दोघांनी एकदम उडी घेतली आणि टाळ्या अशा पडल्या की वस्तादांचे डोळे भरून आले. मग कुणीतरी शिट्टी फुंकली, पुढची तुकडी आत शिरली, धावा धावा झालं. रेवणसिद्धानं फेट्यावरचं उजवीकडचं उचललं, गुंडाप्पानं डावीकडचं. पळत पळतच गळ्यात बांधलं.

पुढं गुंडाप्पा तापानं फणफणला तेव्हा रेवणसिद्धाला पहिल्यांदा वाटलं, ही त्या पाच मिनिटांची शिक्षा. पाप मी केलं आणि भोगतोय हा. तेच त्यानं दहा वर्षं छातीवर बाळगलं होतं.

एवढं सांगून तो थांबला. त्याची नजर आपल्याच दोन हातांवर गेली. त्यानं उजवा हात उचलला, मग डावा उचलला.

"चढलो खांबाच्या अलीकडनं," तो म्हणाला. "उडी मारली पलीकडं."

शिवकांताला कळेना. त्यानं तिला हातानं दाखवलं. इथं खांब, इथं फेटा. ह्या बाजूनं तोंड करून ठेवली, त्या बाजूनं तोंड करून उचलली. उजवं होतं ते डावं झालं. एवढी साधी गोष्ट, बैल घाण्याला उलटा जुंपला तर पोरंसुद्धा हसतात, आणि ही दोन जाणती माणसं टाळ्यांच्या भरात फसली. म्हणजे बोटीवर गुंडाप्पाच्या मुठीत जे बांधलं ते रेवणसिद्धाचं लिंग होतं. त्याचं स्वतःचं लिंग दहा वर्षांपूर्वीच समुद्राच्या तळाशी गेलं होतं, आणि तो मेलेल्या मित्राचं गळ्यात बांधून दुकानात गूळ तोलत बसला होता.

आता हे इथंच मिटलं असतं. पण तो सोमवार होता.

दर सोमवारी महादेवाचं दर्शन घेऊन नागूअव्वा रेवणसिद्धाच्या दारी यायची. पायरीवर बसायची, ताक प्यायची, आणि उठताना एकच प्रश्न विचारायची. माझ्या गुंडाच्या हातात लिंग होतं न्हवं? रेवणसिद्ध म्हणायचा, होतं अव्वा, म्या सोता ठिवलं. मग ती मान हलवायची आणि जायची. दहा वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. नवरा गेलेला, पोर गेलेलं, पोराला मूठभर माती मिळाली नाही, पण लिंग हातात घेऊन गेला, वाट सापडली असेल त्याला, ह्या एका गोष्टीवर ती बाई जगत होती. ती गोष्टच खोटी निघाली होती, आणि ती बाई तासाभरात येणार होती.

स्वामींनी घाईनं आपली पिशवी उघडली. कवच चढवायला वेळ लागत नाही, ते म्हणाले, मणी आत जाईल, म्हातारी सुखानं डोळे मिटेल. उद्या तुला नवं लिंग देतो, रीतसर दीक्षा देतो, हे गुपचूप नदीत सोडू. शिवकांतालाही ते पटलं. ती बायकी हिशोबानं बोलली, पण बोलली बिनतोड. नागूअव्वा एवढंच विचारते, हातात लिंग होतं का. कुणाचं होतं, हे ती विचारत नाही. तुम्ही होतं म्हणालात तर त्यात खोटं काय?

 रेवणसिद्धानं स्वामींच्या हातातून लिंग घेतलं, उघडं तसंच वस्त्रात गुंडाळून गळ्यात बांधलं आणि सोप्यात जाऊन बसला. त्याला धड रडू येत नव्हतं, धड विचार करता येत नव्हता. बसल्या जागी तो सारखा छाती चाचपत होता.

नागूअव्वा आली. वाळून काटकी झालेली, पण पाठ ताठ. स्वामींना बघून तिनं भुईला डोकं टेकलं. शिवकांतानं ताक दिलं, देताना तांब्या भांड्यावर आपटला. म्हातारी सावकाश प्यायली, पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"रेवणा, माझ्या गुंडाच्या हातात लिंग हुतं न्हवं?"

दहा वर्षांचं पाठ उत्तर जिभेवर आलं आणि तिथंच बसलं. शिवकांता दाराआडून त्याच्याकडं डोळे वटारत होती. स्वामी जपमाळेत तोंड खुपसून बसले होते. रेवणसिद्धाला वाटलं, होतं म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण ही बाई आणखी दहा वर्षं जगली तर आणखी दहा वर्षांचे सोमवार होते.

"हुतं, अव्वा," तो म्हणाला. "पर माझं हुतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. फेटा, हिरवळ, पाच मिनिटं, भरीला घालणं, उजवं-डावं, एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना वर बघायची त्याची छाती झाली नाही.  त्याचं सांगून झालं तेव्हा नागूअव्वा परत पायरीवर बसली होती.

"बघू," ती म्हणाली.

त्यानं वस्त्र उलगडून लिंग तिच्यापुढं धरलं. म्हातारीला दिसत कमी होतं. तिनं बोट लावलं. मण्याला एका अंगाला पोचा होता, लग्नातच पडलेला. नखानं तिनं तो चाचपला आणि तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला, भांबावलेला. कितीतरी वेळ ती नुसती त्या मण्यावरून नख फिरवत राहिली. शिवकांताला वाटलं, आता ही ऊर बडवून घेईल. स्वामींना वाटलं, शिव्याशाप देईल. रेवणसिद्धाला वाटलं, हिनं एक दगड उचलून माझ्या डोक्यात घालावा आणि संपवावं.

"म्हंजे त्यो रोज माझ्या दारावरनं जात हुता," नागूअव्वा म्हणाली. "तुझ्या गळ्यात."

तिनं मण्यावरचं नख काढलं.

"त्या पाच मिन्टांत काय केलंत रं तुमी?"

रेवणसिद्ध एकेका कसरतीचं नाव सांगू लागला. वेल म्हणाला, पताका म्हणाला, दसरंग म्हणाला. म्हातारीला ते काय कळणार? तिनं जन्मात मल्लखांबाचा खेळ बघितला नव्हता. सोलापूर लांब, आणि तालमीत बायामाणसांना कोण येऊ देतो? ज्यापायी तिचा मुलगा समुद्रापार गेला आणि परत आला नाही तो खेळ दिसतो कसा, हे तिला दहा वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं, आणि दाखवावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. रेवणसिद्धाला हे त्या क्षणी कळलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सांगू नगंस," ती म्हणाली. "दाव."

तो हादरला. वय अडतीस, पोट सुटलेलं, दहा वर्षं खांबाला हात लावलेला नाही. आणि लिंग? त्यानं नकळत छातीशी हात नेला. नागूअव्वानं आपला डावा तळहात पुढं केला.

"आण हिकडं. म्या धरते."

परसात शिवकांतानं रेडकू सोडलं, खांबावरचा दाव्याचा पीळ काढला. दुकानातून एरंडेलाची बाटली आणली. रेवणसिद्धानं खांब पुसला, तेल चोळलं, लंगोट कसला. नागूअव्वा गोठ्याच्या भिंतीशी टेकून बसली, तळहातावर लिंग, वर दुसरा हात झाकलेला. त्यानं खांबाला नमस्कार केला आणि चढला. पहिल्या अढीलाच मांड्यांना कळ लागली. दुसऱ्यांदा घसरला. तिसऱ्या वेळी मात्र अंगाला सगळं आठवलं, डोक्याच्या आधी आठवलं. जोडीचा खेळ तो एकटा करत होता, पण आपल्या वाटच्या जागेवरून इंचभर सरकत नव्हता. गुंडाप्पाची जागा तशीच मोकळी सोडत होता. दम लागत होता तरी सांगत होता, अव्वा, इथं गुंडा माझ्या खांद्यावर पाय देतो. आता त्यो बोंडाला लोंबतोय, बघ, एका हातानं. आता बोंडावर उभा हाय. शिवकांता पदर तोंडात धरून उभी होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्याला खांबावर तीही पहिल्यांदाच बघत होती.

शेवटी तो खांबाच्या मानेजवळ पायाची अढी घालून उलटा झाला, हात सोडले. जग उलटं झालं. उलटी भिंत, उलटं दार, आणि दारातून बाहेर पडणारी नागूअव्वा. तिची मूठ मिटलेली होती.

तो ओरडला की नाही त्याला आठवत नाही. अढी सुटली, सवयीनं अंग पलीकडं फेकलं गेलं, गुडघ्यावर आपटला. उठून दारापर्यंत लंगडत गेला तोवर बोळ रिकामा होता.

आता खरी भीती सुरू झाली. स्वामी काठी टेकत नागूअव्वाच्या घरी जाऊन आले. कडी आतून, हाकेला ओ नाही. शिवकांता विहिरीवर जाऊन आली, ओढ्यापर्यंत जाऊन आली. म्हातारीनं लिंग पाण्यात टाकलं असेल, नाहीतर लिंगासकट स्वतःच...  रेवणसिद्ध उघड्या गळ्यानं सोप्यात बसून होता. खांबावरचा वेळ सोडला तर जन्मल्यापासून त्याच्या गळ्यात पहिल्यांदाच काही नव्हतं. पूजा नाही म्हणून अन्न नाही, पाणी नाही. जीभ टाळूला चिकटली तरी त्यानं तांब्याकडं हात नेला नाही. जे लिंग समुद्रात गेलं ते माझं, म्हणजे दहा वर्षांपूर्वी मेलो तो मीच, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता, आणि त्याला तो खरा वाटू लागला होता. स्वामी त्याला नवं लिंग आणून देतो म्हणाले. तो नको म्हणाला.

दिवेलागणीला दारात पावलं वाजली. नागूअव्वा आली होती. केस ओले, कपाळावर भस्माचे पट्टे. एका हातात पितळी ताट, वर फडकं. ती कुणाशी न बोलता रेवणसिद्धापुढं बसली. कनवटीचं वस्त्र सोडून तिनं लिंग काढलं. ते धुतलेलं होतं, बेलाचं पान चिकटलेलं होतं, मणी लख्ख घासलेला होता. तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात दोरा घातला आणि मागं गाठ मारली. गाठ मारताना तिची बोटं त्याच्या मानेवर थांबली. मग तिनं ताटावरचं फडकं काढलं. खपली गव्हाची खीर होती, वर तुपाचा ठिपका.

"गुंडा जेवला," ती म्हणाली. "आता तू जेव."

रेवणसिद्धाच्या तोंडून हुंदका फुटला तो दिवसभरात पहिल्यांदा. तो लहान पोरासारखा रडला आणि रडता रडता खीर जेवला, कारण म्हातारी समोर बसून प्रत्येक घास मोजल्यासारखी बघत होती.

ताट रिकामं झाल्यावर तिनं निकाल सांगून टाकला. दर सोमवारी लिंग तिचं. ती पूजा करील, निवद दाखवील, संध्याकाळी परत आणून बांधील. बाकीचे सहा दिवस रेवणसिद्धाचं. दहा वर्षं त्यानं तिच्या लेकाच्या लिंगाची पूजा एक दिवस चुकवली नव्हती, ती आता का मोडायची? स्वामी खाकरले. एका लिंगाला दोन माणसं, असं शास्त्रात कुठं नाही म्हणाले.

"शास्त्रात सोन्याचा मनी तरी कुठं हुता, स्वामी?" नागूअव्वा म्हणाली.

स्वामी पिशवी उचलून घरी गेले.

पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा रेवणसिद्धानं रेडकू सोडून खांब पुसून ठेवला होता. गावाला वाटलं, जर्मन रेवणप्पाचा खांदा बरा झाला. अमीनसाहेबांचा शिपाई चौकशीला येऊन गेला. म्हातारीला खेळ दाखवतोय, असं लिहून गेला. तो जुना प्रश्न नागूअव्वानं पुन्हा कधी विचारला नाही. ताक पिऊन ती परसात यायची, लिंग तळहातावर घ्यायची, आणि बसण्याआधी दर वेळी तेवढंच विचारून घ्यायची, आज गुंडा खांबाच्या कुठल्या अंगाला आहे. रेवणसिद्ध हातानं दाखवायचा. मग ती त्या बाजूला जाऊन बसायची.